हैदराबादच्या रस्त्यावर नवा मोटरसायकलस्वार

लातूर, नांदेड, उदगीरकडची आपली पुष्कळ मुले शिक्षणासाठी वा कामासाठी हैदराबादेस येतात. गावी ती ट्रॅक्टर चालवितात, वडिलांची मोटरसायकलही फिरवितात. तेवढ्यावर आपल्याला गाडी येते असे समजून ती थेट कोठी किंवा मेहदीपट्टणमच्या गर्दीत शिरतात. शेताच्या वाटेवर गाडी सांभाळणे वेगळे आणि एका बाजूने आरटीसीची बस, दुसऱ्या बाजूने रिक्षा येत असता ती सांभाळणे वेगळे.

आधी परवाना. गिअरच्या मोटरसायकलसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत. शिकाऊ परवाना 6 महिने चालतो. तो मिळून 30 दिवस झाल्यावाचून पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. या काळात गाडीवर तांबडा ‘एल’ लावावा आणि मागे मित्राला बसवू नये. शिकविणारा परवानाधारक असेल तरच त्याने बसावे. ट्रॅक्टरचा परवाना मोटरसायकलला चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर 18 वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास 25,000 रुपये दंड व 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘पोरगं नुसतं दूध घालायला गेलं होतं’ ही सबब तेथे कामास येत नाही.

चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी न्यावी लागते. मुलांना हा पोरखेळ वाटतो, पण आमच्या मते खरे कसब हेच. वेगात गाडी आपोआप तोल धरते. गर्दीत हळू चालविताना क्लच व मागचा ब्रेक हलक्या हाताने व पायाने सांभाळावा लागतो. एरवी थांबताना पुढचा ब्रेक अधिक काम करतो, कारण भार पुढच्या चाकावर येतो. पुष्कळजण भीतीने तो वापरीतच नाहीत. दोन्ही ब्रेक एकदम, पण दाब वाढवीत लावावेत. वळणावर, वाळूवर झटका देऊ नये. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा तर फारच जपावे.

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. पुढचा धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर निघून जाते.

पाट्या ओळखणे अवघड नाही. तांबड्या कडेचे वर्तुळ म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे इशारा, अष्टकोन म्हणजे थांबा. बाहेरच्या 158 किलोमीटरच्या रिंग रोडवर दुचाकीस बंदी आहे. कडेच्या सर्व्हिस रोडने जावे.

हेल्मेट आयएसआय खुणेचे घ्यावे व पट्टा हनुवटीखाली नीट आवळावा. पट्टा मोकळा असेल तर पडताना हेल्मेट आधी निघून जाते आणि डोके उघडे आपटते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते, 4 वर्षांवरील मुलालासुद्धा.

अपघात झालेला कोणी दिसला तर 108 ला फोन करावा. ही सेवा 2005 साली हैदराबादेतूनच सुरू झाली. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये, पाणी पाजू नये. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मदत करणाऱ्यास नाव सांगण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही.