मैत्रिणीचं ऑपरेशन आणि अमेरिकेची निवडणूक

मैत्रिणींनो, ओळखीत कुणाचं ऑपरेशन झालं की आपण काय करतो? थर्मासमध्ये चहा, डब्यात गरम शिरा आणि पिशवीत चार मोसंबी घेऊन भेटायला जातो. उशाशी बसतो आणि विषय काढतो तो त्या ऑपरेशनचाच! ‘टाके किती पडले?’ ‘आमच्या नणंदेला तर पुढे हर्निया झाला हो!’ आपण चहा पिऊन घरी येतो आणि ती बिचारी रात्रभर हर्नियाचा विचार करत पडून राहते. डबा न्यायलाच हवा. पण डब्याबरोबर आणखीही काही नेता येतं, त्याविषयी आज सांगायचं आहे.

आमचं सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडचा काठ तेलंगणाचा. शाळेत मराठी, बाजारात तेलुगू, घरात दोन्ही. जिल्ह्याचं गाव दोनशे किलोमीटरच्याही पुढे, त्यामुळे मोठं दुखणं निघालं की पुष्कळ घरं नदी ओलांडूनच दवाखाना गाठतात. माझी शेजारीण वयानं माझ्याहून धाकटी, मला अक्का म्हणते. दोन वर्षं तिच्या अंगावरून फार जायचं. गर्भाशयात गाठी निघाल्या. पण आपण बायका कशा, तुम्हांला ठाऊकच आहे. धान घरात येऊ दे, दिवाळी होऊ दे, भाऊबीज होऊ दे, असं करत करत अखेर ४ नोव्हेंबर २०२४ ला पोटावर छेद घेऊन तिचं गर्भाशय काढलं. दुसऱ्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला, अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान होतं.

आता तुम्ही म्हणाल, याचा त्याच्याशी काय संबंध? सांगते. पण आधी शुश्रूषेचं बोलू.

पहिल्या सहा आठवड्यांत

ऑपरेशन होऊन बाई घरी आली की घरच्यांना वाटतं, झालं, सुटलो. पण आतली जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीतून झालं असेल तर थोडे कमी, इतकंच. तोवर भरलेली घागर, ओल्या कपड्यांची बादली, पिठाचा डबा आणि कडेवरचं मूल या चार गोष्टींना हात लावायचा नाही. ‘हळूच उचलते’ हे चालायचं नाही.

उठताना सरळ उठू देऊ नये. आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्यानं बसावं. खोकला, शिंक, अगदी हसू आलं तरी पोटाशी उशी घट्ट धरावी, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. मात्र दिवसभर झोपूनही राहू नये. घरातल्या घरात थोड्या थोड्या वेळानं चार फेऱ्या माराव्यात, नाहीतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते.

खाण्याचं म्हणाल, तर ‘वरणानं पू होतो, भातानं जखम चिघळते’ असा पुष्कळ घरांत समज आहे. तो सोडून द्या. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, दूध, ताक, चालत असेल तर अंडं आणि मासे, सगळं द्यावं. आमच्याकडे पालेभाजी घातलेलं पप्पू आणि मऊ भात हेच उत्तम पथ्य ठरलं. कुंथावं लागू नये म्हणून पाणी भरपूर, भाजी आणि फळं रोज. मधुमेह किंवा दुसरा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेच खरं.

थोडं थोडं अंगावरून जाणं काही आठवडे चालतं आणि कमी कमी होत थांबतं. पण १००.४ च्या वर ताप, घाण वास, एकाएकी जास्त रक्त, टाक्यांजवळ लाली किंवा पू, लघवीला अडचण, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पतिपत्नीसंबंधही डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच, साधारण सहा आठवड्यांनी. हे सांगायला घरात कुणी नसतं, म्हणून मैत्रिणीनं सांगावं.

उशाशी आलेली अमेरिका

शेजारणीच्या खाटेसमोर दूरदर्शन संच होता आणि तेलुगू वाहिन्यांवर दिवसभर एकच विषय. उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांची पत्नी उषा हिच्या घराण्याचं मूळ गाव आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं वड्लूरु. झालं! सासूबाईंनी जाहीर केलं, ‘आपल्या गोदावरीकाठची लेक आहे, तीच जिंकणार.’ सून मात्र कमला हॅरिस यांच्या बाजूची. कमलाबाईंच्या आई श्यामला गोपालन या तमिळ. एकटीनं शिकायला अमेरिकेत गेल्या आणि स्तनाच्या कर्करोगावर संशोधन करत राहिल्या.

६ नोव्हेंबरला आपल्याकडे दुपार कलताना निकाल कळला. पुढे पूर्ण मोजणीत ट्रम्प यांना ३१२ आणि हॅरिस यांना २२६ मतं पडली. ‘कोट्यवधी माणसं मत देतात, मग मतं ५३८ च कशी?’ शेजारणीनं विचारलं. मी समजावलं, आपण आमदार निवडतो आणि आमदार मुख्यमंत्री ठरवतात ना, थोडं तसंच. तिथे प्रत्येक राज्याला ठराविक निर्वाचक असतात, बहुतेक राज्यांत जो पुढे राहील त्याला तिथले सगळेच निर्वाचक मिळतात आणि २७० मिळाले की अध्यक्ष. म्हणूनच २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात जास्त मतं पडूनही त्या हरल्या. इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या आणि अमेरिकेत अजून एकही स्त्री अध्यक्ष नाही, हे ऐकून सासूबाईंनी चक्क गालावर हात ठेवला!

बायकांना काय करायचंय परदेशी राजकारण, असं कुणी म्हणालं तर सांगा, पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत राहून येऊन १८८९ मध्येच तिथल्या लोकस्थितीवर आणि राज्यपद्धतीवर मराठीत पुस्तक लिहिलं होतं.

मनातलं बाहेर आलं

एके दुपारी श्यामलाबाईंचा विषय निघाला. त्या स्वतः २००९ मध्ये कर्करोगानंच गेल्या, हे मी सांगितलं, तशी शेजारीण एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘अक्का, माझीही गाठ तसलीच असेल का गं?’ दहा दिवस ही भीती तिनं एकटीनं पोटात ठेवली होती. काढलेला भाग तपासायला गेला होता आणि त्याचा रिपोर्ट आणायचा असतो, हेच घरात कुणाच्या ध्यानात नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. अमेरिकेत त्याच दिवशी दहा राज्यांतल्या मतदारांना गर्भपाताच्या हक्काविषयी कौल विचारला होता आणि सात राज्यांनी हक्काच्या बाजूनं कौल दिला. १९७३ पासून देशभर असलेला हा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये काढून घेतला होता. आपल्याकडे हा कायदा १९७१ चा आणि त्यात सज्ञान बाईची स्वतःचीच संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. हे ऐकून ती म्हणाली, ‘तिकडे बायकांना विचारलं तरी! माझ्या कागदावर सही ह्यांची. आतलं काय काय काढलं, ते मला अजून ठाऊक नाही.’

मैत्रिणींनो, हे तिच्या एकटीचं नाही. आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे १९८९ मध्ये छापून आलं. दुखणं अंगावर काढायची आणि प्रश्न न विचारायची सवय आपल्याला जुनी आहे. पण कायदा स्पष्ट आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिनं स्वतः द्यायची, तिच्या वतीनं आईनं दिलेली चालत नाही, असं २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका गर्भाशय काढल्याच्या खटल्यात सांगितलं.

टाके दाखवायला गेली तेव्हा तिनं स्वतः विचारलं. गर्भाशय आणि नळ्या काढल्या होत्या, बीजांडकोश ठेवले होते. रिपोर्टात गाठी साध्या निघाल्या. परतीच्या वाटेवर पुलावर गाडी थांबवून तिनं गोदावरीला नमस्कार केला.

तुम्हीही हे विचारून ठेवा. पाळी चालू असताना दोन्ही बीजांडकोश काढले तर अंगातून एकाएकी वाफा येणं, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं हे त्रास संभवतात आणि त्यावर सल्ला घ्यावा लागतो. डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट रेशनकार्डाइतकेच जपून ठेवा.

कॅलेंडरवरच्या खुणा

आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्हींच्या तारखा मांडल्या. २० नोव्हेंबरला आपल्या विधानसभेचं मतदान. त्या दिवशी ती रिक्षातून गेली, खुर्चीवर बसून पाळीची वाट पाहिली आणि मत देऊन आली. १६ डिसेंबरला तिचे सहा आठवडे पुरे झाले आणि १७ ला अमेरिकेतल्या निर्वाचकांनी आपली मतं दिली. ६ जानेवारीला त्या मतांची अधिकृत मोजणी झाली आणि ज्या हरल्या, त्या हॅरिस यांनीच उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षस्थानी बसून निकाल वाचला. २० जानेवारी २०२५ ला आपल्या रात्री साडेदहाला शपथविधी. सासूबाईंची गोदावरीकाठची लेक जवळून दिसली आणि त्या आनंदात सुनेला हळदीचं दूध सासूबाईंच्याच हातचं मिळालं!

तुमच्या मैत्रिणीला अमेरिका नको असेल तर क्रिकेट घ्या, नाटक घ्या, एखादी लांबलचक कादंबरी रोज थोडी वाचून दाखवा. विषय असा हवा की उद्या त्यात पुढे काय होतं, याची तिला उत्सुकता वाटावी. शेजारपाजारच्या चौघी मिळून वार वाटून घ्या. एकीनं पाणी भरावं, एकीनं दुपारचा डबा, एकीनं मुलांचा अभ्यास, एकीनं दवाखान्याची फेरी. आणि निघताना ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका, कारण ती सांगत नाही. ‘उद्या चारला येते’ असं सांगा, आणि बरोबर चारला जा.