आडनाव परफेक्टो, नाव ६१३!

मित्राला ब्रँडो व्हायचं होतं. 'द वाइल्ड वन' (१९५३) पाहिल्यापासून डोक्यात एकच किडा. मार्लन ब्रँडोने घातलंय तसंच काळं लेदर जॅकेट हवं, तेही जुनं, वापरलेलं. ऑनलाइन सापडलं. जाहिरातीत झोकात लिहिलेलं, 'परफेक्टो'. जवळजवळ एक पगार उडाला, पार्सल आलं आणि स्वारीचा चेहरा पडला. खांद्यावर चांदण्याच नाहीत! "फसवलं यार!"

फसवलं नव्हतं. जॅकेट अस्सल होतं, घोळ नावाचा होता.

परफेक्टो हे आडनाव आहे. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये बाइकवाल्यांसाठी चेनचं जॅकेट काढलं आणि त्याला चक्क आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं. किंमत साडेपाच डॉलर! पुढे घराण्यात इतकी भावंडं झाली की ओळखायला नंबर लागले. ६१३ म्हणजे 'वन स्टार', खांद्याच्या पट्ट्यांवर एकेक चांदणी. ६१८ सेम टू सेम, पण चांदण्या गायब. कातडं बैलाचं, जाड, अंगाशी जुळवून घ्यायला वेळ लावणारं. ११८ दिसायला ६१८ सारखंच, पण कातडं हलकं आणि मऊ. फोटोत हे दोघं जुळे भाऊ वाटतात. आमच्या मित्राच्या जॅकेटवर, आतल्या टॅगला, होतं ११८.

लंडनच्या लुइस लेदर्सला मात्र नावांची भारी हौस. १९५६ चं त्यांचं जॅकेट 'ब्राँक्स'. म्हणजे लंडनच्या पोरांना न्यूयॉर्कचा मोहल्ला विकला! मग 'लाइटनिंग', 'सायक्लोन', सगळी विजा-वादळं. 'डॉमिनेटर' तर नॉर्टनच्या बाइकचंही नाव. पण इथेही नंबर सुटत नाही. लाइटनिंग म्हणजे ३९१, आणि पुढे 'टी' दिसला तर समजा टाइट फिट. वडापाववाल्यांनी हे अक्षर आधी बघावं.

डेट्रॉइटच्या ब्युकोचा खाक्या एकदम रुक्ष. 'जे-२४'! रेल्वेचा सीट नंबर वाटावा. हार्लेने पुरुषांच्या जॅकेटला 'सायकल चॅम्प' म्हटलं, बायकांच्या जॅकेटला 'सायकल क्वीन'. म्हणजे शर्यत त्याने जिंकायची, हिने नुसतं मिरवायचं. वा रे वा!

तेव्हा 'ब्रँडोवालं' एवढ्या एका शब्दावर पैसे पाठवू नका. मॉडेल नंबर विचारा, आतल्या टॅगचा क्लोज-अप मागा, कातडं कशाचं ते लिहून घ्या. विकणारा नुसतंच 'परफेक्टो, परफेक्टो' करत राहिला, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे समजून पुढे सरका.

मित्राने ११८ परत केलं नाही. पुण्याच्या डिसेंबरात ते झकास चालतं म्हणतो. सध्या दोन सुट्या चांदण्या शोधतोय.