क्नेसेतसमोरील गुलाबउद्यानात एक सकाळ

पेसाहचा सण आटोपला की यरुशलेमच्या टेकड्यांवरील थंडी ओसरते आणि गुलाबाला वर्षातील पहिला मोठा बहर येतो. हा हंगाम साधून लोद येथील आम्हां काही बेने इस्राएल कुटुंबांनी यंदा यरुशलेमचे वोल गुलाबउद्यान पाहण्याचे ठरविले. आजी-आजोबा, मुले व नातवंडे अशी तीन पिढ्यांची मंडळी सकाळीच बसमध्ये बसली. बरोबर पोळीभाजीचे डबे होते, चिवडा होता आणि वाटेत गाणीही झाली.

हे उद्यान गिवात राम भागात, क्नेसेतच्या इमारतीसमोरच आहे. त्याचा विस्तार सुमारे १९ एकर असून ते १९८१ साली उभे राहिले. जगातील गुलाबप्रेमी संस्थांच्या महासंघाचे अधिवेशन त्याच वर्षी यरुशलेमात भरले होते. येथे गुलाबाच्या ४०० हून अधिक जाती आणि सुमारे १५,००० झुडपे आहेत. त्यांपैकी कित्येक जाती निरनिराळ्या राष्ट्रांनी भेट म्हणून पाठविल्या आहेत. २००३ साली याच महासंघाने या उद्यानास उत्कृष्टतेचा सन्मान दिला. प्रवेशास शुल्क नाही, ही गोष्ट मोठ्या कुटुंबांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

यरुशलेम आणि गुलाब यांचे नाते फार जुने आहे. तालमुदाच्या बाबा कामा या भागात प्राचीन यरुशलेमचे काही नियम दिले आहेत. तण व खत यांची दुर्गंधी पवित्र नगरीत पसरू नये म्हणून तेथे बागा व फळमळे लावण्यास मनाई होती. अपवाद होता तो केवळ गुलाबबागांचा, कारण त्या पूर्वीच्या संदेष्ट्यांच्या काळापासून चालत आलेल्या होत्या. हे ऐकून मुले चकित झाली. जे फूल आपण वाढदिवसाला दुकानातून आणतो, त्याला या नगरीत एवढा मान होता, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

एका वाफ्यापाशी आमच्यातील एक आजोबा थबकले. हिंदुस्थानात असताना त्यांनी स्वतः गुलाबाची कलमे केली होती. त्यांनी मुलांना खाली वाकवून झुडपाच्या बुडाशी असलेली गाठ दाखविली. गाठीखालचा भाग रानटी, काटक गुलाबाचा असतो, त्याला खुंट म्हणतात. त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. वर फूल दिसते ते डोळ्याचे; परंतु उन्हात, खडकाळ मातीत पाणी शोधते ते खुंटाचे मूळ. गुलाबाच्या धंद्यात ‘इंडिका’ नावाचा एक खुंट पुष्कळ वापरला जातो, तोही मूळचा चीनचा. चिनी गुलाब कलकत्त्याच्या मार्गाने युरोपात पोहोचले, म्हणून त्यांना हिंदुस्थानचे नाव चिकटले. “म्हणजे वाटेवरच्या गावाचे नाव त्याला पडले!” एक नात हिब्रूत म्हणाली. आजोबा हसले आणि म्हणाले, “बेटा, झाडाला असल्या नावाने काही होत नाही. माणसाला मात्र होते.”

आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. त्या प्रत्येक झुडपापाशी जाऊन फूल हुंगीत होत्या आणि निराश होऊन पुढे जात होत्या. रंग व आकार यांच्या हौसेपायी नव्या संकरित जातींपैकी बऱ्याच जातींचा सुगंध हरपला आहे. मावशींना हवा होता गुलकंदाचा तो गावठी गुलाब, मलिद्याच्या ताटावर सब्जाच्या डहाळीशेजारी ठेवलेला. अखेर एका फिकट गुलाबी फुलापाशी त्या थांबल्या. त्यांनी डोळे मिटले आणि सुगंधी झाडे निर्माण करणाऱ्या परमेश्वराची बराखा म्हटली. फूल न तोडता, केवळ वास घेऊन परमेश्वराचे आभार मानता येतात, हे मुलांनी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. सर्वांनी मोठ्याने आमेन म्हटले.

दुपारी झाडाखाली डबे उघडले, तेव्हा पलीकडे काही माणसे फलक घेऊन बसलेली दिसली. क्नेसेत समोरच असल्यामुळे आपली गाऱ्हाणी मांडणारे लोक या उद्यानात नेहमी जमतात. एका नातवाने कंटाळून विचारले, “साव्ता, हे लोक फुलांच्या बागेत का बसतात?”

मावशींनी हातातील घास खाली ठेवला. “अरे, आपणही बसलो होतो,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितले ते आमच्यापैकी अनेकांनीही प्रथमच सविस्तर ऐकले. १९६२ साली विवाहासंबंधी असे निर्देश निघाले की, बेने इस्राएल वधू वा वर अन्य यहुदी समाजात विवाह करू इच्छीत असेल, तर त्याच्या आईची, आजीची, त्यामागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. कोकणात शतकानुशतके शाब्बाथ पाळणाऱ्या, शेमा विसरू न देणाऱ्या लोकांना आपण कोण हे सिद्ध करण्यास सांगण्यात आले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या समाजाने यरुशलेमात धरणे धरले. मावशी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. वडिलांजवळ सतरंजीवर झोपल्याचे, आईने डब्यातून भात आणल्याचे त्यांना स्मरते. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतमध्ये जाहीर झाले की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. पुढे त्या निर्देशांतून आपल्या समाजाचे नावही वगळण्यात आले.

तेव्हा हे उद्यान नव्हते. क्नेसेतही शहरात किंग जॉर्ज रस्त्यावर भरत असे. आजच्या इमारतीत ती १९६६ साली आली. पण नातू समोरच्या इमारतीकडे बराच वेळ पाहत राहिला. काही वेळाने तो उठला, आमच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि त्या फलकवाल्यांना नेऊन दिल्या. ते कोण, त्यांचे गाऱ्हाणे काय, हे त्याने विचारले नाही. मावशींनीही त्याला अडविले नाही.

परतताना आम्हांला आमचीच चूक जाणवली. आम्ही मुलांना मलिदा दिला, गाणी दिली, लग्नातील मेंदी दिली. मात्र १९६४ ची गोष्ट त्यांना दुःख होईल म्हणून सांगितली नाही. ज्यांनी ती सतरंजीवर बसून अनुभवली, त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. आजोबांनी दाखविलेली ती गाठ मुलांनी वाकून पाहिली, म्हणूनच त्यांना दिसली.

वाचकांस आमची विनंती आहे की, पुढील बहरात आपल्या नातवंडांना या उद्यानात अवश्य न्यावे. गुलाब दाखवावेत, बराखा शिकवावी आणि क्नेसेतकडे तोंड करून बसावे. मग घरातील सर्वांत वडील माणसाला बोलू द्यावे, आणि मुलांना हिब्रूतून समजावण्याचे काम आपण करावे.