दोन ट्रॅक, एक आई

आईच्या ओव्या १९९८ साली मीच दोन माइक मांडून कॅसेटवर टिपल्या होत्या. आई गेल्यावर तेवढाच काय तो तिचा आवाज घरात उरला. परवा भाच्याने त्या संगणकावर घेतल्या. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले, तर आई स्पष्ट. एकत्र केले, तर आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ!

“मामा, एक माइक लांब होता,” भाचा म्हणाला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. दीड वीत, म्हणजे साधारण ३४ सेंटीमीटर अंतर वाढलं, की तो एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्यात ५०० हर्ट्झच्या लहरीचं अर्धं आवर्तन होतं. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो. एकच रक्कम जमेलाही आणि नावेलाही पडावी, तसं, बाकी शून्य.

“माइकची तार उलटी जोडलेली असती, तर लहर उलटवणारं एक बटण पुरलं असतं. उशीर झालेला ट्रॅक मात्र सरकवावाच लागतो.” त्याने तो मिलिसेकंदभर अलीकडे ओढला.

आई भरल्या गळ्याने गाऊ लागली. आयुष्यभर मी लोकांचे हिशेब तपासले. घरातली ही दीड वीत तेवढी मोजायची राहिली होती.