आपला पैसा, त्यांचा ‘पेसा’

परवा टपरीवर कटिंगचे पैसे मोबाइलवरून दिले, तर काका म्हणाले, ‘‘सुट्ट्यांची कटकट गेली बघा!’’ आपल्याला वाटतं, काय भारी आहोत आपण. पण बॉस, केनियातली जनता हे २००७ पासून करतेय. तेही साध्या बटणांच्या फोनवर, इंटरनेट नसताना! सिस्टीमचं नाव एम-पेसा. ‘एम’ मोबाइलचा आणि ‘पेसा’ म्हणजे स्वाहिलीत पैसे. हो, आपलाच पैसा, समुद्र ओलांडून तिकडे रमलेला.

गंमत म्हणजे हे प्रकरण सुरू झालं ते कर्जाच्या हप्त्यांसाठी. २००५ मध्ये व्होडाफोन आणि सफारीकॉमने ब्रिटिश सरकारचा निधी घेऊन नैरोबी आणि थिकामध्ये ट्रायल सुरू केली. सोबत फाउलू केनिया ही मायक्रोफायनान्स संस्था. छोट्या धंदेवाल्यांनी हप्ता फोनवरून भरावा, एवढाच प्लॅन. ही मंडळी आपल्याकडच्या बचत गटासारखी गटाने कर्ज घ्यायची, एकमेकांना जामीन राहायची.

लोकांनी मात्र आपलं डोकं चालवलं. कुणी दिवसाचा गल्ला रात्रीपुरता खात्यात टाकायचं. कुणी गावाला निघताना इथे पैसे भरायचं आणि तिथे पोचल्यावर काढायचं. खिशात रोकड नाही, चोराची भीती नाही. संस्थेची मात्र पंचाईत! हिशेब जुळेनात. शिवाय हप्ता फोनवरून गेला, तर मीटिंगला येणार कोण?

मग मार्च २००७ मध्ये एम-पेसा लाँच झालं तेव्हा कर्जाचं नावच नाही. जाहिरात एकच : घरी पैसे पाठवा. शहरातला नोकरदार त्याआधी बसवाल्याच्या हाती पाकीट द्यायचा. आता गावातला दुकानदारच एजंट झाला. रोकड घ्यायची, रोकड द्यायची, वर कमिशन. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला : एम-पेसामुळे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून वर आली आणि १,८५,००० बायका शेती सोडून धंदा-व्यापारात उतरल्या. हे वाचून मी खरंच खूश झाले होते.

पण बाजूला ठेवलेलं कर्ज २०१२ मध्ये फोनवर परत आलं, ‘एम-श्वारी’ या नावाने. ना कागद, ना जामीन. शुल्क साडेसात टक्के. ऐकायला किरकोळ ना? पण मुदत ३० दिवसांची! वर्षाचा हिशेब केला तर ९० टक्के. चुकलात तर आणखी साडेसात. पहाटे माल उचलून संध्याकाळी विकणारी भाजीवाली एक वेळ हे निभावून नेईल. पण पीक यायची वाट बघणारा शेतकरी? गटात निदान ‘‘अगं, कशाला घेतेस एवढं?’’ विचारणारी एखादी मैत्रीण तरी असायची. फोन कसला विचारतोय!

हे लिहिता लिहिता माझाही फोन वाजला. ‘दोन मिनिटांत इन्स्टंट लोन!’ व्याजदर शोधतेय... अजून सापडलेला नाही.