आधी पोट रिकामं, मगच गारवा

पाळीव सरड्यांच्या शीतनिद्रेबद्दलचा सगळ्यात घातक गैरसमज मायेपोटी जन्मलेला आहे: आता हा दोन-तीन महिने झोपणार, तर त्याआधी त्याला चांगलं पोटभर खाऊ घालावं. अस्वलांच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो, म्हणून हे सहज पटतं. अस्वल झोपायच्या आधी हपापल्यासारखं खातं, चरबी साठवतं, आणि झोपेतही त्याचं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करत राहतं. सरड्याकडे ही आतली शेगडी नसते. त्याची ऊब बाहेरून येते. बिअर्डेड ड्रॅगनचंच घ्या. जगभरात आवडीने पाळला जाणारा हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि मध्य भागातल्या कोरड्या मुलखातला. जागेपणी तो उन्हात बसून, सावलीत सरकून आपलं शरीर 35-36 अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. अशा प्राण्याच्या शरीराचं तापमान 10 अंशांनी उतरलं, की चयापचयाचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर किंवा एक-तृतीयांशावर येतो. म्हणजे 36 वरून 16 अंशांवर आलेल्या सरड्याच्या शरीराचा कारभार मूळच्या एक-चतुर्थांश ते एक-नवमांश वेगाने चालतो. श्वास, हृदयाचे ठोके, हालचाल यांच्यासोबत पचनही त्यातच आलं.

आणि खरा धोका पचनाशीच आहे. थंडी पडायच्या आदल्या दिवशी खाल्लेली झुरळं, नाकतोडे, पाला हे सगळं पोटात तसंच पडून राहतं. पचवणारी यंत्रणा जवळपास थांबलेली असते, पण आतड्यातले जीवाणू थांबलेले नसतात. अन्न सडतं, वायू धरतो, आणि झोपेतल्या प्राण्याला त्यातून वाचवणं फार अवघड होऊन बसतं. म्हणून तयारीचा क्रम लोकांच्या समजुतीच्या नेमका उलटा आहे. आधी खाणं बंद करायचं आणि उष्णता मात्र पूर्वीइतकीच ठेवायची. उन्हाची जागा 38 ते 42 अंशांवर, दिवा नेहमीच्या वेळेला, पाणी समोर, खाणं नाही, असे साधारण दोन आठवडे. एवढ्या काळात आतडं रिकामं होतं. ते झालं की नाही, हे विष्ठेवरून कळतं: गडद भाग कमी कमी होत जातो आणि शेवटी बहुतेक युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचाच, पांढरा गोळा पडतो. हा पांढरा भाग पिवळा किंवा नारिंगी दिसू लागला, तर प्राण्याला पाणी कमी पडतंय. ती कमतरता भरून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर एक-दोन आठवड्यांत उजेडाचे तास रोज थोडे थोडे कमी करत बारा-चौदावरून आठ-दहावर आणायचे, उन्हाचा दिवा मंद करत न्यायचा, आणि मग तो बंद. सगळं एकाच संध्याकाळी बंद करणं ही तयारी नव्हे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की रानातल्या सरड्याला कोण उपाशी ठेवतं, कोण दिवा मंद करतं? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तरही रानातच आहे. तिथे दिवस लहान होतात, किडे कमी होतात, सरड्याची भूक आपोआप मंदावते. खाणं आणि गारवा यांच्यामधला अवधी निसर्गक्रमानेच पडतो. पोटात घास राहिलाच, तर एखाद्या उबदार दुपारी तो बिळातून बाहेर येऊन ऊन खातो आणि पचवून परत जातो. काचेच्या पेटीतल्या सरड्याला ही मोकळीक नसते. त्याला ऊन हवं असलं, तरी दिवा लावणं आपल्या हातात. शिवाय रानातले सगळेच सरडे वसंतात बिळाबाहेर येत नाहीत, हेही विसरता कामा नये. निसर्गात घडतं म्हणजे ते निर्धोक असतं, असं नाही. चरबीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. सरड्याच्या पोटात चरबीचे साठे असतात, शेपटीच्या बुडाशीही मांस-चरबी दिसते, आणि सुप्तावस्थेत त्यांचा आधार लागतोच. पण हा साठा उन्हाळाभराच्या नियमित खाण्याने तयार होतो, शेवटच्या आठवड्यात कोंबून नाही. कंबरेची हाडं वर आलेली, शेपटीचं बूड खपाटीला गेलेलं असा प्राणी दिसला, तर त्या वर्षी त्याला झोपवूच नये. दिवे पूर्ण लावून खाऊ घालत राहावं. एक वर्षाच्या आतल्या पिल्लांनाही हाच नियम. वाढीच्या वयात त्यांच्याकडे राखीव असं काही नसतंच.

दुसरा समज अर्धवट गारव्याचा. ‘दिवा बंद केला, खोली थोडी गार आहे, तो झोपलाय’ एवढ्यावर बरेच जण समाधान मानतात. पण 22-25 अंशांवरचा सरडा ना धड जागा असतो ना धड सुप्त. वरच्याच हिशोबाने, 16 अंशांवर जेवढी शिल्लक तो दिवसाला खर्च करील, त्याच्या जवळपास दुप्पट ते पावणेतीन पट तो 25 अंशांवर खर्च करतो. आणि तरी अन्न नीट पचेल, जंतुसंसर्गाशी झुंजता येईल एवढी ऊब त्याला मिळत नाही. प्रौढ बिअर्डेड ड्रॅगनसाठी 15 ते 18 अंश हा टप्पा सर्वसाधारणपणे योग्य मानला जातो, आणि तो स्थिर असावा लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाट 10 अंशांच्या आसपास जाते आणि दुपार 28-30 पर्यंत चढते. घरात हे चढउतार सौम्य होतात, पण उघड्या खिडकीच्या भरवशावर तापमान स्थिर राहत नाही. तिकडे मेलबर्नमधल्या मराठी घरात हिवाळा जून-जुलैत येतो आणि दिवसभर हीटर चालू असतो. तिथे खोली गार नसून कोमट असते, तेव्हा अडचण नेमकी उलटी. दोन्हीकडे उपाय एकच: पेटीच्या आत, सरडा जिथे झोपलाय त्या उंचीवर थर्मामीटर ठेवायचा आणि जागा त्या आकड्यावरून निवडायची, अंदाजाने नाही. टोरांटो किंवा न्यू जर्सीत पाळलेला बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या पंचांगाप्रमाणे जूनमध्ये झोपेल, ही समजूतही सोडून द्यावी. ऑस्ट्रेलिया आपल्या सरड्यांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही. बाहेरच्या देशांतले हे प्राणी पिढ्यानपिढ्या तिथेच पैदास झालेले आहेत आणि भोवतीच्या उजेडाला, तापमानाला प्रतिसाद देतात.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या समजाची: हिवाळ्यात मलूल झालेला प्रत्येक सरडा झोपायलाच निघालाय. आतड्यातले कॉक्सिडियासारखे परजीवी आणि जंत, कॅल्शियमच्या कमतरतेने मऊ झालेली हाडं, आतड्यात अडकलेली वाळू, ॲडेनोव्हायरसचा संसर्ग या सगळ्यांची सुरुवात मलूलपणाने आणि खाणं सोडण्यानेच होते. लांबून पाहिलं तर आजारी आणि सुप्त सरडा सारखाच दिसतो, जवळून मात्र फरक कळतो. सुप्तावस्थेत गेलेला सरडा लाकडाच्या ओंडक्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड खुपसून, पाय अंगाशी घेऊन पडलेला असतो. अंग भरीव, शेपटी जाड. हात लावला तर एक डोळा सावकाश उघडतो, अंग किंचित फुगवतो, पुन्हा मिटतो. आजारी सरडा बऱ्याचदा उघड्यावरच पसरलेला सापडतो, डोळे खोल गेलेले, तोंडाशी चिकट लाळ, हातापायांना कंप, आणि वजन भराभर उतरत चाललेलं. तरीही डोळ्यांवर विसंबू नये. सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून झोपेच्या महिनाभर आधी तपासणी करून घ्यावी आणि ताज्या विष्ठेची जंतांसाठी चाचणी करावी. औषध द्यावं लागलं तर ते संपवायला वेळ हवा आणि औषध चालू असताना शरीर गरम हवं. मग ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्यावा. झोपेआधीचं वजन 450 ग्रॅम असेल, तर दर आठवडा-पंधरवड्याने मोजताना ते 405 च्या खाली जाता कामा नये. दहा टक्क्यांहून जास्त घट म्हणजे झोप थांबवून डॉक्टरांकडे जाण्याची खूण.

पाण्याबद्दल थोडक्यात. ‘झोपलेल्याला काय पाणी द्यायचं’ हा विचार महाग पडतो, कारण सरडा सुप्तावस्थेत सलग बेशुद्ध नसतो. तो मधूनच जागा होतो, सरकतो, पाणी पितो. उथळ वाटी कायम भरलेली असावी. जागा दिसला तर तोंडाच्या टोकावर दोन-चार थेंब सोडावेत. पेटी मात्र कोरडी हवी. गारवा आणि ओल एकत्र आली की फुप्फुसाचा संसर्ग लांब राहत नाही.

आता मूळ प्रश्न: हे सगळं करायलाच हवं का? ‘शीतनिद्रा मिळाली नाही तर सरडा लवकर मरतो’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. त्याला भक्कम पुरावा नाही. पैदास करणाऱ्यांना हिवाळ्याचा गारवा उपयोगी पडतो, कारण नर-मादीचं प्रजननचक्र त्याने जुळून येतं. एकट्या पाळलेल्या प्राण्याला तो देणं बंधनकारक नाही, आणि वर्षभर दिवे चालू असताना तो खातपीत, हुशार राहिला तर त्याला मुद्दाम गार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट, उष्णता-उजेड नीट असूनही काही प्रौढ प्राणी शरद ऋतूत खाणं टाकतात, कोपरा धरतात. तपासणीत ते निरोगी निघाले तर त्यांच्याशी झगडू नये. जातीचा विचार तर आधी करायला हवा. पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागातल्या लेपर्ड गेकोला थंडी ओळखीची आहे. आपल्याकडे कच्छ-राजस्थानातला सांडा हिवाळ्यात बिळाचं तोंड मातीने बुजवून आत राहतो. अर्थात तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, घोरपडीसारखाच, त्यामुळे पाळण्याचा प्रश्न येत नाही. पण न्यू कॅलेडोनियाचा क्रेस्टेड गेको किंवा उष्ण कटिबंधातला हिरवा इग्वाना यांना असा हिवाळा माहीतच नाही. ‘सरडा आहे म्हणजे झोपेल’ म्हणून इग्वानाला 15 अंशांत ठेवणं म्हणजे त्याला आजारात ढकलणं.

सहा ते बारा आठवड्यांनी जागं करताना क्रम उलटा लावायचा: आधी उजेडाचे तास वाढवायचे, मग उन्हाचा आणि अतिनील (यूव्हीबी) किरणांचा दिवा, मग कोमट पाणी. पूर्ण उष्णता मिळू लागल्यावर दोन-तीन दिवसांनी पहिला घास, तोही लहान. पहिले काही दिवस भूक नसली तर जबरदस्तीने भरवू नये. खाणं सुरू झाल्यावर पडणारी पहिली विष्ठा पुन्हा चाचणीला द्यावी, कारण आधी थोडेच असलेले जंत शरीर गरम होताच वेगाने वाढतात, आणि प्रतिकारशक्तीला पूर्वपदावर यायला त्याहून जास्त दिवस लागतात.