मोगरा

(हिं. मोतिया, बेला, गु. मोगरो, क. मल्लिगे, सं. मल्लिका, लॅ. जॅस्मिनम सँबॅक, कुल – ओलिएसी). पारिजातक कुलातील हे सदापर्णी, सुगंधी फुलांचे झुडूप असून जाई, जुई व कुंद या त्याच प्रजातीतील वनस्पती होत. उंची सु. १ ते ३ मी.; पाने साधी, समोरासमोर व चकचकीत; फुले पांढरी, फांद्यांच्या टोकांस बहुधा तीन-तीनच्या झुबक्यांत येतात. एकेरी फुलांचे व दुहेरी फुलांचे असे प्रकार असून बटमोगऱ्याच्या कळ्या गोल व टपोऱ्या असतात. फिलिपीन्सने १९३४ मध्ये हे आपले राष्ट्रीय फूल म्हणून स्वीकारले.

लागवड : उष्ण हवा, भरपूर ऊन व पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन या झुडपास मानवते. सावलीत पाने वाढतात. पण फुले कमी येतात. बी क्वचितच धरत असल्याने अभिवृद्धी छाट कलमांनी किंवा दाब कलमांनी करतात. पावसाळ्याच्या सुरुवातीस सु. ४५ सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डे शेणखत व मातीने भरून त्यांत सु. १.२ मी. अंतरावर रोपे लावतात. बागेत जागा नसल्यास मोठ्या कुंडीतही ते चांगले वाढते. मात्र कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे ठेवावे लागते.

छाटणी : कळ्या नव्या फुटीवर धरतात; त्यामुळे छाटणीला विशेष महत्त्व आहे. हिवाळ्यात पाणी तोडून झाडास विश्रांती देतात व नंतर जमिनीपासून सु. ४५ सेंमी. उंचीवर छाटणी करतात. त्यानंतर खत घालून पाणी सुरू केले की नवी फूट येते आणि उन्हाळ्यात बहर मिळतो. विश्रांतीच्या काळातही पाणी देत राहिल्यास पालेदार वाढ होते आणि बहर उणावतो. कळी पोखरणारी अळी व लाल कोळी यांचा उपद्रव होतो. किडक्या कळ्या वेचून नष्ट करतात.

तोडणी : पूर्ण वाढलेल्या, पांढऱ्या, पण न उमललेल्या कळ्या पहाटे तोडतात. तोडलेली कळीही संध्याकाळी उमलते व गंधाचे उत्सर्जन मुख्यतः उमलतानाच होते. त्यामुळे तोडणी व विक्री यांतील काही तासांवर मालाची किंमत अवलंबून असते.

वसईतील लागवड : पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या पश्चिम भागात, आगाशी, निर्मळ, भुईगाव इ. गावांच्या परिसरात, केळी, पानवेली व भाजीपाल्याच्या वाड्यांतून फुलझाडे लावण्याची परंपरा आहे. मुंबई जवळ असल्याने पहाटे तोडलेली फुले उपनगरी गाडीने दादरच्या फूलबाजारात पोहोचविता येतात.

या वाड्यांचा आधार म्हणजे विहिरी व ‘बावखळ’ नावाची पारंपरिक तळी. किनारपट्टीत भूमीखालील गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थरासारखे राहते. बावखळांत साचलेले पावसाचे पाणी मुरून हा थर टिकून राहतो. बावखळे बुजली आणि विहिरींचा उपसा वाढला म्हणजे थर पातळ होतो व खारे पाणी वर येते. असे पाणी दिल्यास मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपतात व बहर घटतो. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. शहरीकरणाच्या वाढत्या वेगात वाड्या व बावखळांच्या जागी इमारती उभ्या राहत गेल्या. त्यामुळे येथील मोगऱ्याचे भवितव्य जातीच्या निवडीपेक्षा गोड्या पाण्याच्या रक्षणावर अधिक अवलंबून आहे. घरच्या बागेतही पावसाचे पाणी जिरविण्याची सोय केल्यास विहीर व झाड या दोहोंस लाभ होतो.

उपयोग : फुले गजरे, हार व पूजेसाठी वापरतात. कनौज येथे चंदनतेलाच्या आधाराने अत्तर काढतात. द्रावकांच्या साहाय्यानेही अर्क मिळवितात. चीनमध्ये कळ्यांनी चहा सुवासिक करतात.